ड्रमवाल्यांचा इतिहास कोण लिहिणार?

जून महिन्यात शाळा उघडली की आम्हा शिक्षकांच्या मागे माहितीच्या तक्त्यांचा ससेमिरा लागतो. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि त्यानंतर एक रकाना : वडिलांचा व्यवसाय. मी ज्या उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, तिथे या रकान्यात गवंडीकाम, रिक्षा, फळविक्री, गॅरेज असे शब्द येतात. काही वर्षांपूर्वी सहावीतल्या एका मुलाने हळूच ‘मजूरी’ म्हटले. ‘कैसी मजूरी?’ म्हणून विचारले, तर मान खाली घालून म्हणाला, ‘बैंड में हैं मॅडम. ड्रम बजाते.’ मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला. मी मुलांना दटावले, पण तक्त्यात मात्र ‘मजुरी’ हाच शब्द लिहिला. घाई होती, हे खरे. पण घाई हेच एक कारण नव्हते, हेही तितकेच खरे.

माझे एक मामू कोल्हापुरात लग्नाच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवीत. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी सर्वांना बजावून ठेवले होते, ‘मामू क्या करते पूछे तो दुकान है बोलना.’ मामूंना ते कळले होते. तरी ते लग्नाला आले, कोपऱ्यात उभे राहिले. वरातीपुढे दुसराच बँड वाजत होता. मी निघताना डोक्यावर हात ठेवून एवढेच म्हणाले, ‘वो साईडवाला लेट आ रहा है, बेटा.’ आज मामू नाहीत. त्यांचा वाजवतानाचा एकही फोटो आमच्या घरात नाही.

त्या मुलाच्या रकान्याने मला मामूंची आठवण करून दिली आणि मी ड्रम वाजवणाऱ्यांविषयी मिळेल ते वाचू लागले. वाचता वाचता लग्नाच्या बँडपासून मुंबईच्या जॅझपर्यंत गेले. जॅझ म्हटले की आपल्याला श्रीमंतांचे हॉटेल, काळा कोट आणि तुतारीसारखे ट्रम्पेट आठवते. पण त्या ट्रम्पेटच्या मागे बसून रात्रभर ताल धरणारा माणूस हा आमच्या मामूंचाच जातभाई होता, हे मला उशिरा कळले.

नक्काऱ्यापासून ड्रमपर्यंत

कोल्हापुरात भवानी मंडपाजवळ जुन्या राजवाड्याचा नगारखाना आहे. नगारा हा शब्द अरबी ‘नक्कारा’चा मराठी अवतार. उर्दूत एक म्हण आहे, ‘नक्कारखाने में तूती की आवाज़’. नगारखान्यात तूती पक्ष्याचा आवाज कोण ऐकणार, असा तिचा अर्थ. मुलांना ही म्हण शिकवताना मी नेहमी तूतीची बाजू घेत असे. नक्कारा बडवणाऱ्या माणसाचे नाव तरी कोणाला ठाऊक असते, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

हा नक्कारा पूर्वेकडून युरोपात गेला. क्रुसेडच्या काळात जोडीने वाजणारे नक्कारे युरोपियनांनी उचलले आणि इंग्रजीत त्यांना ‘नेकर’ म्हटले जाऊ लागले. पुढे अठराव्या शतकात उस्मानी तुर्कांच्या ‘मेहतर’ या लष्करी वाद्यवृंदाचा युरोपच्या फौजांवर मोठा प्रभाव पडला. मोठा ढोल आणि पितळी झांजा तुर्कांकडून पाश्चात्त्य पलटणींत आल्या. आजही जगभरचे ड्रमवादक ज्या झिल्जियन नावाच्या झांजांवर जीव टाकतात, ते घराणे मूळचे इस्तंबूलचे, आर्मेनियन कारागिरांचे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, सुलतानाच्या राज्यात त्यांनी या मिश्रधातूच्या झांजा घडवायला सुरुवात केली.

पलटणींचे हे बँड इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात आले. संस्थानिकांनी त्यांचे अनुकरण केले आणि हळूहळू ती वाद्ये लग्नाच्या वरातीत उतरली. तोच प्रवास अमेरिकेतही घडला. १८६५ मध्ये तिथले यादवी युद्ध संपल्यावर लष्करी बँडची वाद्ये स्वस्तात मिळू लागली आणि न्यू ऑर्लिन्स शहरात नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी ती हाती घेतली. मिरवणुकीत एक जण मोठा ढोल वाजवी, दुसरा साईड ड्रम. जागा लहान आणि पैसे कमी अशा नाचघरात ही सारी कामे एकाच माणसावर आली. १९०९ च्या सुमारास लुडविग बंधूंनी पायाने मोठा ढोल वाजवण्याचे चांगले पेडल बाजारात आणले आणि एकाच बैठकीत दोन हात, दोन पाय राबवणारा ड्रमवादक तयार झाला. म्हणजे पाहा, दोन-तीन माणसांची मजुरी एकाच्या अंगावर पडली, तिथून या कलेची सुरुवात झाली.

या इतिहासात मला आणखी एक गोष्ट सापडली, ती आपल्या वाचकांना सांगितली पाहिजे. आधुनिक जॅझचा ताल ज्याने घडवला त्या केनी क्लार्कने १९४६ मध्ये इस्लाम स्वीकारला आणि लियाकत अली सलाम हे नाव घेतले. ढोलाच्या जड ठोक्यांऐवजी झांजेवर हलकेच ताल चालता ठेवण्याची आज सर्वत्र रूढ असलेली रीत त्याने आणली. दुसरा प्रसिद्ध ड्रमवादक आर्ट ब्लेकी. त्याचे मुस्लिम नाव अब्दुल्ला इब्न बुहैना. काळ्या-गोऱ्यांच्या भेदाच्या त्या काळात नव्या नावाने आपल्याला माणूस म्हणून मान मिळेल, अशी आशाही अनेकांच्या मनात होती. मामूंचे नाव लपवणाऱ्या आमच्या घरात ही माणसे कोणाला ठाऊक नव्हती.

रात्रीची नोकरी

१९३५ च्या हिवाळ्यात लिऑन अ‍ॅबी या काळ्या अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड तर इथलाच झाला. १९४५ मध्ये कलकत्त्यात तो पटकीने वारला. या पाहुण्यांकडून जॅझ शिकले ते मुख्यतः गोव्याचे ख्रिस्ती आणि मुंबईचे पारशी व अँग्लो-इंडियन वादक. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना लिहिलेले संगीत वाचायला शिकवीत. पोट भरायला तीच मुले मुंबईला येत, धोबी तलाव-माझगावच्या ‘कूड’मध्ये पथारी टाकीत. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेले वसतिगृह. डोक्याशी ट्रंक, भिंतीवर क्रूस आणि भाडे अगदी थोडे. हर्णै-दाभोळच्या आमच्या कोकणी मुसलमान खलाशांच्या गावखोल्याही अशाच असत.

ताजमध्ये मिकी कोरिया या सॅक्सोफोनवादकाचा बँड १९३९ पासून सुमारे दोन दशके वाजत होता. अल्डोन्याचा अँतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेटवर गाजत होता. अशा बँडमधल्या ड्रमवाल्याचा दिवस कसा असेल? त्याच्या कामाची रीतच तो सांगते. ट्रम्पेटवाला पेटी काखेत मारून ट्राममध्ये चढू शकतो. ड्रमवाल्याबरोबर ढोल, साईड ड्रम, झांजा, स्टँड आणि पेडल असा संसार असतो. म्हणून तो सर्वांच्या आधी येतो आणि सर्वांच्या नंतर जातो. मांडणी आणि आवराआवर यांचे वेगळे पैसे त्याला कोणी देत नाही.

मग वाजवणे. फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, रुम्बा, प्रत्येक नाचाची चाल वेगळी. नाचणाऱ्यांचे कान गायकाकडे असतात, पण पाय ड्रमवाल्याकडे. त्याने किंचित घाई केली तर अख्खी सभा धावू लागते, तो रेंगाळला तर जोडपी खुर्च्यांकडे वळतात. म्हणून रात्रभर त्याची नजर लोकांच्या बुटांवर. जेवणाच्या वेळी तारांच्या ब्रशने कुजबुजल्यासारखे वाजवायचे, कारण लोक बोलत असतात. मध्यरात्रीनंतर शेवटचा नाच संपला की घामाने भिजलेला उसना-पासना काळा कोट काढून ठेवायचा आणि रिकाम्या रस्त्याने परतायचे. लोक ज्या वेळी जेवतात, हसतात, ईद-नाताळ साजरे करतात, नेमकी तीच याच्या कामाची वेळ. आमची मामी म्हणायची, ‘दुनिया की शादी में हाज़िर, अपने घर की दावत में ग़ायब.’

मुंबईचा पावसाळा तर ड्रमवाल्याचा वैरी. १९५७ नंतर प्लॅस्टिकची पाने निघाली, पण त्याआधी ड्रमवर वासराचे कातडे मढवलेले असे. दमट हवेत ते सैल पडते आणि आवाज बसतो. त्यासाठी त्या काळचे वादक मोठ्या ढोलाच्या पोटात विजेचा दिवा लावीत. हे मी वाचले तेव्हा एकदम ओळख पटली. आमच्या कोल्हापुरात खासबाग मैदानाच्या कुस्त्यांना, मोहरममध्ये पंज्यांच्या भेटींना हलगी वाजते. हलगीवाला वाजवण्याआधी गवत-कागद पेटवून हलगी शेकतो, तेव्हा कुठे ती बोलू लागते. ताजचा दिवा आणि तालमीपुढची शेकोटी, दोन्हीकडे कातड्याला ऊब देणे हेच काम. हलगी वाजवणाऱ्याला आपल्या समाजाने जातीच्या शेवटच्या पायरीवर बसवले, कारण कातड्याला हात लावायचा तो त्याने. ड्रमवाल्यालाही ‘वाजवणारा’ या एका शब्दात आपण उडवून लावतो.

स्टुडिओतली रोजंदारी

स्वातंत्र्यानंतर जॅझवाल्यांचे दिवस फिरले. इंग्रज निघून गेले, संस्थाने विलीन झाली. आपले कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात आले. १९५० मध्ये मुंबईत पूर्ण दारूबंदी लागू झाली आणि नाचघरांचा धंदा बसला. बेकार झालेल्या वादकांना हात दिला तो हिंदी चित्रपटांनी. पुणतांब्याचे मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांनी चिक चॉकलेटला आपल्याबरोबर घेतले. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये तर चिक आणि त्याचे साथीदार पडद्यावरही दिसले. पण असे भाग्य क्वचित कोणाला.

ड्रमवाल्यांमध्ये पहिले नाव घ्यायचे ते कावस लॉर्ड यांचे. हे पारशी गृहस्थ जॅझ बँडमधून चित्रपटांत आले. बोंगो, काँगा, माराकास ही लॅटिन अमेरिकेची तालवाद्ये हिंदी गाण्यांत आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांचे दोन्ही मुलगे, केर्सी आणि बुर्जोर, वडिलांच्या वाटेने गेले. केर्सी यांनी तर लहान वयातच स्टुडिओत पाय ठेवला. ‘हम दोनों’ (१९६१) मधल्या सिगारेट लायटरची ती नाजूक धून त्यांनी ग्लोकेनस्पील या वाद्यावर वाजवलेली. ‘आराधना’ (१९६९) मधल्या गाजलेल्या गाण्यातले अ‍ॅकॉर्डियनही त्यांचेच. घराघरांत हे सूर पोहोचले. केर्सी लॉर्ड २०१६ मध्ये वारले, तेव्हा किती घरांत त्यांचे नाव ठाऊक होते?

स्टुडिओतल्या वादकाचा दिवस हॉटेलच्या रात्रीच्या उलट. सकाळी ताडदेव, महालक्ष्मी किंवा वांद्र्याला पोहोचायचे, वाद्य मांडायचे, मग तास न् तास तालीम. तेव्हा आजच्यासारखे तुकडे जोडता येत नसत. गायक, व्हायोलिनवाले, तबला, ढोलक, ड्रम, सारे एकदम वाजवीत. एकाची चूक म्हणजे सगळ्यांचा ‘टेक’ वाया. वीस व्हायोलिनांत एखाद्याचा सूर हुकला तर झाकून जातो. ड्रमवाला एकटाच, त्याचा ठोका चुकला की काचेपलीकडे बसलेल्या सर्वांना कळते. शिवाय ड्रमचा आवाज इतरांच्या माइकमध्ये शिरू नये म्हणून त्याला आडोशाला बसवीत. सर्वांना ताल देणारा माणूस सर्वांपासून दूर. पैसे कामावर अवलंबून. गाणे नसेल त्या दिवशी मिळकत नाही. १९५० च्या दशकात या वादकांनी आपली संघटना उभारली, श्रेणीनुसार दर ठरले, तेव्हा या रोजंदारीला थोडी शिस्त आली.

पण नाव? तबकडीवर संगीतकाराचे, गायकाचे, कवीचे नाव छापले जाई. वादकाचे नाही. म्हणूनच १९६८ ची ‘रागा जॅझ स्टाईल’ ही शंकर-जयकिशन यांची तबकडी मला महत्त्वाची वाटते. तिच्यात सतारीवर उस्ताद रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, तबल्यावर रमाकांत आणि ड्रमवर लेस्ली गोडिन्हो आहेत. मुसलमान, नेपाळी, मराठी हिंदू आणि गोव्याचा ख्रिस्ती अशी ही पंगत एका तालावर बसलेली आहे. सलोख्यावर आपण व्यासपीठावरून पुष्कळ बोलतो. मुंबईच्या स्टुडिओत तो रोज सकाळी पगारासाठी हजर होत असे. त्यांच्यात हेवेदावे नसतील असे मी म्हणत नाही, पण ताल एकच ठेवावा लागत होता.

या पडद्यामागच्या माणसांची दखल घ्यायला एका परदेशी अभ्यासकाला यावे लागले. ग्रेगरी बूथ यांनी आधी २००५ मध्ये आपल्या लग्नाच्या बँडवाल्यांवर आणि नंतर २००८ मध्ये मुंबईच्या स्टुडिओतील वादकांवर पुस्तक लिहिले. त्यांनी बँडवाले आणि स्टुडिओवाले या दोघांचाही अभ्यास केला, यात मला मोठे मर्म दिसते. आपण मात्र दोघांनाही दाराबाहेर उभे केले.

कोल्हापूरचा धागा

या साऱ्यात कोल्हापूर कुठे, असे वाचक विचारतील. शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला, हे सर्वांना माहीत आहे. त्यांचे धाकटे चिरंजीव भूर्जी खाँ कोल्हापुरात शिकवीत. त्यांच्याकडे गाणे शिकायला जी मुले येत, त्यांत १९२५ मध्ये बेळगावात जन्मलेली भानुमती शिरोडकर ही मुलगी होती. तीच पुढे ठुमरीसाठी नावाजलेल्या शोभा गुर्टू. आणि या शोभाताईंचा मुलगा म्हणजे १९५१ मध्ये मुंबईत जन्मलेले त्रिलोक गुर्टू, जॅझच्या जगात आदराने घेतले जाणारे भारतीय ड्रमवादकाचे नाव.

त्रिलोक तबला शिकले अब्दुल करीम यांच्याकडे. पाश्चात्त्य संगीत त्यांनी तबकड्या ऐकून उचलले. एका मुलाखतीत त्यांनी गमतीची गोष्ट सांगितली आहे. एकाच वादकाला अनेक वेळा ध्वनिमुद्रित करून थर चढवता येतात, हे त्यांना सुरुवातीला ठाऊकच नव्हते. तबकडीत ऐकू येते ते सारे एकच माणूस एकाच वेळी वाजवतो, असे समजून ते सगळे एकट्याने वाजवायला शिकले! स्टुलावर न बसता ते जमिनीलगत गुडघ्यावर बसतात. तबला आणि ड्रम शेजारी मांडतात. पाण्याच्या बादलीत घंटा-शंख बुडवून त्यांतून आवाज काढतात. १९८० च्या दशकात ते ‘ओरेगॉन’ या अमेरिकन मंडळीत वाजवू लागले आणि १९८८ पासून गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या त्रिकुटातही होते. भूर्जी खाँसाहेबांच्या शिष्येच्या घरातून हा ठोका जगभर गेला. मामूंना ही गोष्ट सांगायची राहून गेली, याची मला खंत वाटते.

यंत्र आणि डॉल्बी

१९८० च्या सुमारास ताल वाजवणारी यंत्रे निघाली. लिन आणि रोलँड या कंपन्यांच्या यंत्रांनी जगभर धुमाकूळ घातला. यंत्र वेळेवर येते, थकत नाही, टॅक्सीचे भाडे मागत नाही. नव्वदीनंतर मुंबईच्या मोठ्या वाद्यवृंदांचे काम झपाट्याने आटत गेले.

कोल्हापुरात हेच काम आपल्या लाडक्या ‘डॉल्बी’ने केले. पंधरा-वीस माणसांच्या बँडऐवजी एक ट्रॅक्टर, ट्रॉलीवर आवाजाच्या भिंती आणि एक बटण दाबणारा पोरगा. गणपतीत, उरुसात, लग्नात तोच. बंदी येते, दहाची वेळ पाळली जाते किंवा जात नाही, वाद होतात. त्या वादात कानांची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण ज्यांचे हात रिकामे झाले त्यांची चर्चा होत नाही. बँडवाल्याचे काम मुळातच लग्नसराईचे. चातुर्मासात आणि मोहरममध्ये तो बसून असतो. मालकाकडून उचल घेतो, ती पुढच्या सराईत फेडतो. त्यात सुपाऱ्या घटल्या की उचल तेवढी वाढते. मामू शेवटची काही वर्षे मंडईत हमाली करीत. रकान्यात ‘मजुरी’ लिहिले असते तर ते तेव्हा खरे ठरले असते.

आपल्या समाजातही गाण्या-बजावण्याविषयी मतभेद आहेत. ते धर्माचे प्रश्न जाणत्यांनी सोडवावेत, माझा तो अधिकार नाही. मला एवढेच दिसते की, वरातीत ज्याच्या तालावर आपण नाचतो त्याच्या घरी मुलगी देताना आपण कचरतो. हा भेद कोणत्याही किताबात लिहिलेला नाही.

पुन्हा तो रकाना

उर्दूत तबला वाजवणाऱ्याला ‘तबला-नवाज़’ म्हणतात, सतार वाजवणाऱ्याला ‘सितार-नवाज़’. नवाज़णे म्हणजे मेहरबानी करणे, मान देणे. वाद्यावर मेहरबानी करतो तो वादक, असा हा सुंदर शब्द. पण तो उस्तादांसाठी राखून ठेवलेला. बँडमधल्या माणसाला मात्र ‘बाजेवाला’.

पुढच्या वर्षी तो मुलगा सातवीत गेला. जूनमध्ये तक्ता पुन्हा माझ्याच हाती आला. या वेळी मी त्या रकान्यात ‘वादक (ड्रम)’ असे लिहिले. चार दिवसांनी त्याचे वडील सही करायला शाळेत आले. चाळिशीचे, किरकोळ अंगाचे गृहस्थ. उजव्या हाताच्या बोटांना मामूंसारखेच घट्टे. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारले, ‘इससे कुछ फ़ायदा होगा, मॅडम? स्कॉलरशिप वग़ैरा?’

मी म्हटले, ‘नहीं. लेकिन सच है ना?’

ते काही बोलले नाहीत. सही केली, खिशाला पेन लावले. जाताना दारात थांबून म्हणाले, ‘बच्चे को मत सिखाना बोला मैं. पर वो बेंच पे बजाता रहता, उसको मारना मत.’